चार तारांवर तोललेला आरसा

मित्रांनो, माझ्यासमोर उभे राहून भांग पाडायला जाल तर फसाल. मी आरसा आहे आणि जुनाही आहे, पण तोंड दाखवण्यासाठी माझा जन्म झालेला नाही. तुमचा चेहरा माझ्या आरपार निघून जातो आणि मागच्या भिंतीवरचे आग विझवायचे नळकांडे तेवढे दिसते. माझ्यावरून परत फिरतो तो फक्त एका जातीचा प्रकाश, आणि तो तुमच्या डोळ्यांना दिसतच नाही. त्यामुळे मला बघायला आलेली मुले बहुतेक वेळा विचारतात, "आरसा कुठाय?"

माझा घेर मोठ्या पातेल्याएवढा आहे, जाडी वीतभर आहे आणि मला उचलायला दोन धडधाकट माणसे लागतात. अतिशय शुद्ध काचेच्या गोळ्यातून मला कापून काढले. मग मी पॉलिशवाल्या काकांच्या हाती गेलो. ते मला घासत, मोजत, पुन्हा घासत. असे कित्येक महिने चालले. त्यांची बायको डबा घेऊन यायची आणि म्हणायची, "लग्नात माझ्याकडे एवढं निरखून पाहिलं असतंत तर?" काका हसायचे, पण हात थांबवायचे नाहीत. एका दुपारी मात्र त्यांनी मोजणी केली, घाम पुसला आणि हात मागे घेतला. "बास," ते म्हणाले. "आता आणखी एकदा हात फिरवला तर बिघडेल." थांबायचे कधी हे ज्याला कळते, त्याच्या हातून मी घडलो. ते माझे भाग्य.

तेथून मला वेधशाळेत आणले. ही वेधशाळा दुर्बिणीची नाही. येथे काटकोनात पसरलेले दोन लांबच लांब नळ आहेत, कित्येक किलोमीटरचे. त्यांच्या आतली हवा पूर्ण काढून टाकलेली असते. एका नळाच्या टोकाशी मला टांगायचे होते. टांगायचे कशावर, तर काचेच्या चार तारांवर.

त्या तारा जी ओढत असे, तिला सगळी वेधशाळा वहिनी म्हणे. खरे तर ती फक्त एकीची वहिनी होती. नियंत्रण कक्षात यंत्र सांभाळणारी जी बाई होती, ती वहिनीच्या नवऱ्याची धाकटी बहीण. तिला सगळे छोटी म्हणत, आणि ती दारातून आत येताना वाकून येई, इतकी उंच होती. नणंद दिवसभर वहिनी, वहिनी करते म्हटल्यावर बाकीच्यांनाही तीच सवय लागली. वेधशाळेचे संचालक चांगले कडक गृहस्थ, पण तेही वहिनीच म्हणायचे.

घरात या नणंद-भावजयांचे फारसे पटत नसे. ओला टॉवेल पलंगावर कोणी टाकला, गॅस मोठा कोणी ठेवला, यावरून रोज काहीतरी चाले आणि तो बिचारा भाऊ, म्हणजेच नवरा, ताटात मान घालून जेवत असे. वेधशाळेत मात्र दोघी एकमेकींशी जपून वागत. कामावरून त्या कधी भांडल्याचे मला आठवत नाही.

वहिनी काचेची एक कांडी दोन्ही टोकांना पकडे, मधोमध तापवी आणि ती मऊ झाली की सर्रकन ओढी. क्षणात केसासारखी तार तयार होई. तिला बोट लागले तर ती बाद. वाऱ्यावरची धूळ बसली तरी बाद. एकदा शेजारी कोणी जोरात शिंकले म्हणून वहिनीने चांगली तार कचऱ्यात टाकली होती. अशा चार तारा तिने माझ्या दोन्ही कडांना जोडल्या. मग माझ्याखालचा आधार अगदी सावकाश खाली नेला. मी तारांवर आलो. वहिनीने बराच वेळ श्वास सोडला नव्हता. तो सोडला तेव्हा तिच्या तोंडावरच्या फडक्याचा फुगा झाला.

मित्रांनो, एवढा खटाटोप कशासाठी? अवकाशात कुठेतरी अतिशय जड अशा दोन वस्तू एकमेकींभोवती गरगरतात आणि आदळतात, तेव्हा अवकाशालाच लाटा येतात. त्यांना गुरुत्वीय लहरी म्हणतात. त्या येताना आमचा एक नळ किंचित लांबतो आणि दुसरा किंचित आखडतो. किंचित म्हणजे किती? अणूच्या पोटात जो गाभा असतो, त्याच्याहूनही कितीतरी पटींनी कमी. नळातून धावणारा प्रकाश माझ्यावर आपटून परत जातो आणि जाताना हा फरक सांगतो. म्हणून मला इतके स्तब्ध राहावे लागे. कृष्णविवरातून प्रकाश बाहेर येत नाही, त्यामुळे दुर्बीण त्याच्यापुढे आंधळी. आम्ही बघत नाही, आम्ही ऐकतो. पहिल्यांदा दोन कृष्णविवरांची टक्कर आम्ही ऐकली, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठे फोटो आले. माझा फोटो कोणी काढू शकत नव्हते, म्हणून त्यांनी फाटकाचा छापला.

अशी काही वर्षे कौतुकात गेली. मग एकदा दूरचा एक भूकंप आमच्या जमिनीखालून गेला. मी हेलकावलो, तारा ताणल्या, पण सगळे निभावले. निदान तसे वाटले. दुसऱ्या दिवशी वहिनीने तारांचे सूर तपासले. प्रत्येक तारेला स्वतःचा एक बारीक सूर असतो, वाद्याच्या तारेला असतो तसा. चारांपैकी एकीचा सूर उतरला होता.

संचालकांनी सगळ्यांना बोलावले. तार बदलायची तर नळात हवा भरायची, टाकी उघडायची, मला उतरवायचे, पुन्हा टांगायचे. त्यात वर्ष जाणार. जगात अशा तीनच वेधशाळा होत्या. दोन कानांना आवाज ऐकू येतो, पण तो आकाशाच्या कोणत्या कोपऱ्यातून आला ते कळायला तिसरा कान लागतो. म्हणून असे ठरले की हंगाम संपेपर्यंत काम चालू ठेवायचे, पण भूकंपाची सूचना आली की विचार न करता मला सोडायचे. सोडायचे म्हणजे प्रकाश बंद करायचा आणि माझ्याखालचे रबरी टेकू वर आणून मला अलगद धरायचे.

"विचार न करता," संचालकांनी पुन्हा सांगितले, आणि छोटीकडे पाहिले. छोटीने मान डोलावली.

तेव्हापासून रोज सकाळी पहिला प्रश्न त्या एका तारेचा असे. आजारी माणसाचा ताप विचारावा तसे सगळे तिला विचारत. मला एवढेच जाणवत होते की मी थोडासा एका अंगाला कललो आहे. माझ्या पाठीमागे बसवलेल्या चुंबकांनी मला हलकेच ढकलून सरळ केले आणि ती गोष्ट तेथेच संपली.

आता तो दिवस सांगतो. नियंत्रण कक्षातले बोलणे मला कसे कळले असे तुम्ही विचाराल. आज मी त्याच कक्षाबाहेरच्या बोळात एका पेटीत असतो आणि त्या दोघींनी हे माझ्यासमोरच कितीदा तरी सांगितले आहे. प्रत्येक वेळी एकीने दुसरीला मध्येच तोडून.

दुपारची जेवणे चालली होती. संचालक दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. भूकंपाची घंटा वाजली. दूरच्या समुद्राखाली जमीन फाटली होती, आणि तिच्या मोठ्या लाटा लवकरच आमच्यापर्यंत येणार होत्या. छोटीने घास चावता चावता बटणावर हात नेला. तेवढ्यात समोरच्या पडद्यावर एक रेघ उमटली.

बारीक, फिकट रेघ. खालून निघून हळूहळू वर वळणारी.

छोटीने आवाज मोठा केला. भिंतीवरच्या कर्ण्यातून खोल घुमणारा एक स्वर आला, दूरवर मोटार चालू असावी तसा. कृष्णविवरांचा आवाज क्षणात संपतो. हा संपत नव्हता. हे दोन न्यूट्रॉन तारे होते. असा तारा म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गाभा, एखाद्या शहराएवढाच, पण वजन अख्ख्या सूर्याहून जास्त. दोघे एकमेकांभोवती फिरत जवळ जवळ येत होते.

तिने संचालकांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. त्यांच्या तोंडात त्या वेळी डॉक्टरांचा हात होता.

दुसऱ्या वेधशाळेतला माणूस कर्ण्यावर आला. "आम्हालाही दिसतंय. तुम्ही सोडू नका. तुम्ही गेलात तर जागा सापडणार नाही."

"आमच्याकडे भूकंप येतोय!" छोटी ओरडली.

मग तिने अंगणापलीकडच्या तारांच्या खोलीत फोन लावला.

"वहिनी, भूकंप येतोय."

"मग सोड की. मला काय विचारतेस?"

"न्यूट्रॉन तारे आहेत, वहिनी. आत्ता फिरतायत. मिनिटभरात आदळतील."

मग वहिनीने विचारले, "आणि जमीन?"

"तीही तेवढ्यातच. कोण आधी पोचेल ते सांगता येत नाही."

"टेकू वर घ्यायला लागलीस तर?"

"टेकूंच्या मोटारीचाच आवाज भरेल. हे सगळं बुडेल त्यात." छोटीचा आवाज फाटला. "तुझी ती तार टिकेल का, सांग ना."

"मला माहीत नाही."

"अंदाज तरी सांग!"

"तुला बरं वाटावं म्हणून सांगू का काहीतरी? माहीत नाही, छोटे. खरंच माहीत नाही."

फोन तसाच लोंबकळत राहिला. वहिनी हातमोजे घातलेले असतानाच अंगण ओलांडून धावत सुटली. ती दारात पोचली तेव्हा कर्ण्यातला स्वर चढू लागला होता.

मी त्या वेळी दूर, नळाच्या टोकाशी, मिट्ट काळोखात टांगलेला होतो. भूकंपाची पहिली बारीक कंपने माझ्यापर्यंत आली. मुंग्यांची रांग अंगावरून जावी तशी. त्याच वेळी ती दुसरी लाट, जिला यायला कोट्यवधी वर्षे लागली होती, माझ्यातून जात होती. मित्रांनो, खरे सांगतो, ती मला जाणवली नाही. ती कोणालाच जाणवत नाही. मला जाणवत होती ती फक्त जमीन. जमिनीची मोठी लाट खालून उचलू लागली. चुंबक मला धरून ठेवायला धडपडत होते. तारा ताणत होत्या. प्रकाश माझ्या तोंडावर थरथरत होता, पण सुटला नव्हता.

कक्षात लाल दिवे लागत गेले. छोटीचा हात बटणावर होता.

"धर," वहिनी तिच्या मागून म्हणाली.

"काय?"

"धर म्हटलं, सोडू नकोस. तार माझी आहे. विचारलं तर माझं नाव सांग."

"बटण माझ्या हाताखाली आहे," छोटी म्हणाली. "तुझं नाव मध्ये आणू नकोस."

स्वर वर गेला, आणखी वर गेला, शिट्टीसारखा बारीक झाला आणि तुटला. दोन तारे एक झाले होते. छोटीने त्याच क्षणी बटण दाबले. टेकू निघाले. वर, वर, अजून थोडे वर. माझ्यात आणि त्यांच्यात बोटभर अंतर उरले होते, तेव्हा जमिनीची सगळ्यात मोठी लाट आली.

एक टणत्कार माझ्या अंगातून गेला. तार तुटून तिचा चुरा उडाला आणि त्या चुऱ्याने आणखी तारा कापल्या. मी पडलो. फार नाही, बोटभरच. पण काचेला बोटभर पुरते. माझ्या कडेचा टवका उडाला आणि पॉलिशवाल्या काकांनी जेथे हात थांबवला होता, तेथून एक भेग आरपार गेली. प्रकाश गेला.

त्या दिवशी संध्याकाळी वेधशाळेत काय झाले ते विचित्र होते. तिन्ही कानांनी मिळून आकाशाचा एक लहानसा तुकडा दाखवला होता. दुर्बिणी तिकडे वळल्या आणि एका म्हाताऱ्या दीर्घिकेच्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहाच्या, कडेला त्यांना एक नवा ठिपका सापडला, काल जो तेथे नव्हता. पुढच्या दिवसांत तो निळ्याचा लाल होत गेला. त्याच्या रंगांतून कळले की तेथे जड धातू तयार होत आहेत. तुमच्या आईच्या बोटातल्या अंगठीचे सोने अशाच एखाद्या टकरीत जन्मले असावे. आवाजाच्या मोठेपणावरून ती दीर्घिका किती लांब आहे ते कळले, प्रकाशावरून ती किती वेगाने दूर पळते आहे ते कळले, आणि दोन्ही मिळून विश्व किती वेगाने पसरते आहे याची एक नवी साक्ष मिळाली. जुन्या दोन रीतींनी उत्तरे वेगवेगळी येत होती. एका साक्षीने तो वाद मिटला नाही, तशा अजून पुष्कळ हव्यात. तरी लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्याच वेळी दुसऱ्या पडद्यावर माझ्या जागी काहीच दिसत नव्हते.

संचालक सुजलेला गाल धरून आले. त्यांनी आधी ती रेघ पाहिली, बराच वेळ. मग माझा रिकामा पडदा पाहिला.

"मी सांगितलं तिला धरायला," वहिनी म्हणाली.

"सांगितलं असेल. मी ऐकलं ते माझं मी ऐकलं," छोटी म्हणाली.

संचालक दोघींवर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरे झाले असते, असे छोटी आजही म्हणते. त्यांनी एवढेच सांगितले की यंत्र पुन्हा चालू होईपर्यंत छोटीने पडद्यासमोर बसायचे नाही.

काही आठवड्यांनी, माझी टाकी अजून बंदच असताना, उरलेल्या दोन वेधशाळांनी आणखी एक टक्कर ऐकली. एका कृष्णविवराने न्यूट्रॉन तारा गिळला होता. गिळण्याआधी तो फाटला का, त्याच्या पोटात काय होते, हे सगळे प्रकाश सापडला तर कळले असते. पण आमचा कान बंद होता. दुर्बिणी अर्धे आकाश चाळत राहिल्या. काही मिळाले नाही. संचालक छोटीच्या टेबलाजवळ येऊन म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही चुकलात असं मी म्हणू शकत नाही. बरोबर केलंत असंही म्हणवत नाही. मला रोज वेगळं वाटतं." आणि ते निघून गेले.

वेधशाळेतला प्रत्येक जण वहिनीची चौकशी करी, कारण तिची तार तुटली होती आणि ती चारचौघांत रडली होती. कोणी तिला चहा आणून देई, कोणी घरी सोडी. छोटी मात्र येत असे, जात असे, विनोद करत असे. घरी ओल्या टॉवेलवरून ती आता एक शब्द बोलत नसे. भावाला वाटले, चला, घरात शांतता आली.

शेवटी माझी टाकी उघडली. पांढरे डगले घालून, तोंडाला फडकी बांधून दोघी आत आल्या. वहिनीने बॅटरी वर धरली आणि ती तशीच उभी राहिली.

तीन तारा गेल्या होत्या. एकच शाबूत होती. ती तीच होती, सूर उतरलेली, जिची एवढे दिवस सगळे काळजी करत होते.

वहिनी टाकीच्या कडेवर बसली. "ही ढिली झाली होती," ती स्वतःशीच बोलावे तशी म्हणाली. "हिच्या वाटणीचं ओझं शेजारणीवर गेलं. तिचा सूर चढलेला मी पाहिला होता गं. म्हटलं, घट्ट आहे, बरं आहे. सगळे हिच्याकडेच बघत बसलो आपण."

मलाही तेव्हाच समजले. आपण आपले वजन कोणावर किती टाकले आहे, हे टांगलेल्याला कळत नाही.

छोटीने तारेचे तुकडे चिमट्याने उचलायला सुरुवात केली. वहिनी तिच्याकडे पाहत राहिली.

"छोटे, तू कशी आहेस?"

"मी? मस्त. मला काय झालंय?"

"कामावरचं नाही विचारत. तू कशी आहेस?"

चिमटा थांबला.

"झोप लागत नाही, वहिनी," छोटी म्हणाली. "डोळे मिटले की तो आवाज वर चढतो आणि मी बटण दाबते. रोज दाबते. रोज उशीर होतो."

वहिनीने हातातली बॅटरी खाली ठेवली. त्या उंच बाईचे डोके तिने आपल्या खांद्यावर घेतले. दोघींचे कागदी डगले कुरकुरले. किती तरी वेळ त्या तशाच बसल्या होत्या, आणि मी टेकूंवर आडवा पडून त्यांच्याकडे पाहत होतो.

मित्रांनो, मला पुन्हा टांगता येणार नाही. माझ्या जागी आता नवा आरसा आहे, त्याच्या चारही तारांचा सूर रोज तपासतात, उतरलेला आणि चढलेलाही, आणि छोटी पुन्हा पडद्यासमोर बसते. तुम्ही मला बघायला याल तेव्हा विश्वाच्या गोष्टी जरूर ऐका. पण घरी गेल्यावर एक काम करा. जो कुरकुरतो त्याच्याकडे सगळ्यांचे लक्ष असतेच. तुमच्या घरात, वर्गात असे कोणीतरी असेल की ज्याला कधीही विचारा, तो म्हणतो, "मस्त." त्याच्याजवळ जरा थांबा, आणि दुसऱ्यांदा विचारा.